कुकडीकाठचा कौल आणि मुंबईचे तख्त

जुन्नरच्या मुलखाला सत्तांतराची अपूर्वाई कधीच नव्हती. नाणेघाटाचा व्यापारी मार्ग राखणारे सातवाहन, याच प्रांतात आपल्या स्वतंत्र गादीचा पाया घालणारा अहमद निजामशहा, त्याच्या वंशाचा शेवट करणारे मोगल, मग मराठे, आणि १८१८ साली पेशवाई बुडवून आलेली कंपनी सरकारची आमदानी, अशा एकामागून एक राजवटी कुकडी आणि मीना या नद्यांच्या खोऱ्यांतून गेल्या. वसईचा कोट सर करून आलेल्या चिमाजी आप्पांनी ज्या देवळावर सोन्याचा कळस चढविला अशी परंपरा आहे, त्या ओझरच्या विघ्नहराच्या पंचक्रोशीतील रयतेने या उलथापालथींतून एक व्यवहारी निष्कर्ष काढला असेल, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. तख्तावरचा धनी बदलतो. परंतु सारा वसूल करणारा पाटील आणि दप्तर राखणारा कुलकर्णी आपापल्या जागी कायम राहतात, आणि रयतेची गाठ पडते ती या दोघांशीच.

स्वातंत्र्योत्तर काळात, प्रौढ मताधिकाराचे युग सुरू झाल्यावर, या क्रमाची अशी काही उलटापालट झाली की तिचा विचार आपल्या राजकीय इतिहासकारांनी अधिक बारकाईने करावयास हवा होता. गावचा, तालुक्याचा, मतदारसंघाचा कारभारी बदलण्याची शक्ती मतदाराच्या हाती आली आणि ती त्याने मोकळ्या हाताने वापरली. मुंबईचे तख्त मात्र जवळजवळ अर्धशतक एकाच पक्षाच्या घरात राहिले. मतदार उदासीन असतो म्हणून सरकारे बदलत नाहीत, अशी एक सोपी उपपत्ती नागर मंडळींच्या बैठकीत नेहमी मांडली जाते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन शेजारी तालुक्यांचा वृत्तांत जो कोणी लक्षपूर्वक पाहील, त्याला ती उपपत्ती मान्य करणे कठीण जाईल.

मताधिकाराची पहाट या भागात तशी उशिराच झाली. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा मत देण्याचा हक्क मालमत्ता, शेतसारा आणि शिक्षण यांच्या मापाने मोजून दिला होता, आणि लोकसंख्येच्या सुमारे एकसप्तमांश माणसांनाच तो लाभला होता. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या महादेव कोळ्यांना, किंवा दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या कुळांना, बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले काय आणि १९३९ साली राजीनामा देऊन गेले काय, त्यात बोलण्याचा अधिकारच नव्हता. तो अधिकार आला १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. सुकुमार सेन यांच्या नेतृत्वाखाली निवडणूक आयोगाने सतरा कोटींहून अधिक मतदारांच्या याद्या सिद्ध केल्या; विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात पोलादी मतपेट्या घडविल्या गेल्या; आणि मतदारांत निरक्षरांचेच बाहुल्य असल्यामुळे प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविण्याची युक्ती योजण्यात आली. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नंतरची. त्या पहिल्या खेपेस मतदाराने आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकावयाचा, एवढेच काम होते. काँग्रेसचे चिन्ह बैलजोडी हे होते, आणि ज्या मुलखात औतावाचून माणसाचे चालत नव्हते तेथे या चिन्हाला स्वतंत्र प्रचारकाची गरज भासली नाही. मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ पैकी २६९ जागा काँग्रेसने जिंकल्या. मोरारजी देसाई स्वतः अगदी मोजक्या मतांनी पराभूत झाले, आणि तरीही राज्याचे मुख्यमंत्री झाले. नेत्याला पाडणारा मतदार आणि पडलेल्या नेत्याला तख्तावर बसविणारा पक्ष, या दोहोंचे दर्शन पहिल्याच निवडणुकीत घडावे, ही पुढील इतिहासाची जणू सूचनाच होती.

१९५७ साली पश्चिम महाराष्ट्राने जो कौल दिला, त्याला उदासीनतेचे नाव कोणीही देऊ धजणार नाही. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीने समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अशा परस्परविरोधी मंडळींना एका मागणीच्या धाग्यात ओवले, आणि गुजरात व महाराष्ट्र एकत्र बांधणाऱ्या द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विरोधात पेटलेल्या जनमताने काँग्रेसचे भलेभले मोहरे टिपले. पुण्यात काकासाहेब गाडगिळांसारख्या ज्येष्ठ नेत्याचा ना. ग. गोरे यांनी पराभव केला. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडातून निसटत्या मतांनी वाचले. परंतु सरकार गेले नाही. द्वैभाषिक राज्याच्या ३९६ जागांपैकी २३४ जागा गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर काँग्रेसने राखल्या, आणि ज्या प्रदेशाने पक्षाला नाकारले होते त्या प्रदेशावर त्याच पक्षाचा अंमल चालू राहिला. एका मुलखाचा रोष कितीही तीव्र असला तरी राज्याच्या बेरजेत तो बुडू शकतो, हा धडा मतदारास येथे प्रथम मिळाला. तथापि तो रोष वायाही गेला नाही. कारण सरकार न बदलता सरकारचे धोरण बदलण्याचे सामर्थ्य त्यात होते. तीन वर्षांत द्वैभाषिक मोडले, आणि एप्रिल १९६० च्या अखेरीस, राज्याचा औपचारिक जन्म होण्याच्या काही दिवस आधी, नव्या महाराष्ट्राचा मंगलसोहळा शिवनेरीवर, म्हणजे जुन्नरच्याच भूमीवर, यशवंतरावांच्या उपस्थितीत साजरा झाला. समितीची मागणी काँग्रेसने पुरी केली, आणि पुरी झालेल्या मागणीबरोबरच समितीचे प्रयोजनही संपले.

यानंतरची पस्तीस वर्षे समजून घ्यावयाची असतील तर मतपेटीकडून दृष्टी काढून सोसायटीच्या कचेरीकडे वळविली पाहिजे. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने खालसा झाली होती. मुलकी पाटीलकीचा हक्क १९६२ च्या कायद्याने संपला. त्याच वर्षीच्या १ मेपासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. आणि प्रवरानगरच्या साखर कारखान्याने विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या कर्तृत्वाने जो मार्ग घालून दिला होता, त्या मार्गाने सहकाराचा विस्तार जिल्ह्याजिल्ह्यांत होऊ लागला. पीककर्ज विविध कार्यकारी सोसायटीकडून, सोसायटीला पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून, उसाची तोड कारखान्याच्या चिठ्ठीवर, मालाचा लिलाव बाजार समितीत, आणि पाण्याचे आवर्तन पाटबंधारे खात्याच्या मर्जीवर, अशी शेतकऱ्याच्या वर्षभराच्या गरजांची जी साखळी तयार झाली, तिच्या प्रत्येक कडीवर बहुधा एकाच पक्षाचा, आणि पुष्कळदा एकाच गटाचा, माणूस बसलेला असे. जुन्या पाटलाचे वतन गेले; त्याची जागा चेअरमनने घेतली; आणि चेअरमन निवडून येत असल्यामुळे त्याच्या सत्तेला लोकमान्यतेचाही आधार लाभला. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे उभी राहिली. ओझरजवळ येडगावचा जलाशय पसरला. जुने आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. आणि जुन्नर तालुक्यातील साखर कारखान्याने ओझरच्या देवाचेच विघ्नहर हे नाव धारण केले. अशा व्यवस्थेत विरोधी पक्षाला मत देणे हे केवळ मतप्रदर्शन राहत नाही. त्याची किंमत पुढील हंगामात मोजावी लागेल की काय, ही शंका मतदाराच्या मनात उभी राहते.

या आर्थिक साखळीला यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणाची जोड मिळाली. शेतकरी कामगार पक्षातील शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्यासारखी मातब्बर मंडळी १९६० पूर्वीच काँग्रेसमध्ये परतली होती. पुढे विरोधकांतील जो जो कर्तबगार दिसेल त्याला आत घेण्याचे धोरण रूढ झाले. परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९६२ साली २६४ पैकी २१५; १९६७ साली, म्हणजे उत्तरेतील अनेक राज्ये आणि मद्रास काँग्रेसच्या हातून निसटली त्याच वर्षी, महाराष्ट्रात २७० पैकी २०३; आणि १९७२ साली २२२. वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत अखंड मुख्यमंत्री राहिले. जगाच्या इतिहासात अशी उदाहरणे दुर्मिळ नाहीत: स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष १९३२ पासून १९७६ पर्यंत जवळजवळ अखंड अधिकारावर होता, जपानमध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने १९५५ ते १९९३ पर्यंत सत्ता सोडली नाही, आणि आपल्याच देशात बंगालच्या डाव्या आघाडीने १९७७ पासून २०११ पर्यंत चौतीस वर्षे राज्य केले. या सर्व ठिकाणी निवडणुका होत होत्या, मतदान होत होते. विरोध पक्षाबाहेर वाढण्याऐवजी पक्षाच्या आतच गटांच्या रूपाने नांदू लागला, की खरी लढत उमेदवारीच्या वेळी होते आणि मतदानाच्या दिवशी तिचा निकाल तेवढा नोंदविला जातो.

हा कोट प्रथम हादरला तो आणीबाणीनंतर. १९७८ साली जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. कौल अस्पष्ट होता, परंतु काँग्रेसच्या एकछत्री अंमलाविरुद्ध होता यात संदेह नव्हता. दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. चारच महिन्यांनी शरद पवारांनी ते सरकार पाडले, आणि १८ जुलै १९७८ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्रिपद स्वीकारले. १७ फेब्रुवारी १९८० रोजी दिल्लीने तेही बरखास्त केले. अवघ्या दोन वर्षांत घडलेल्या या तिन्ही घडामोडींत मतदाराला एकदाच विचारले गेले, आणि त्याने दिलेल्या उत्तराचा अर्थ इतरांनी आपापल्या सोयीने लावला. १९८० च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाचे प्रमाण सुमारे ५३ टक्क्यांवर उतरले आणि इंदिरा काँग्रेसला १८६ जागा मिळाल्या. उदासीनतेचे खरे प्रकरण शोधावयाचे असेल तर ते या निवडणुकीत सापडते. आणि आपले मत कोणत्या सरकारात रूपांतरित होईल हे सांगता येईनासे झाल्यावर माणूस मतदानकेंद्राची वाट टाळू लागतो, एवढा तर्क त्यावरून करण्यास हरकत नाही.

पुढील दशकात या मुलखाने आपला स्वतंत्र बाणा पुनःपुन्हा दाखविला. १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील बहुसंख्य जागा काँग्रेसने राखल्या असता, जुन्नर आणि आंबेगाव ज्यात येत होते त्या खेड मतदारसंघाने जनता दलाचे किसनराव बाणखेले यांना दिल्लीस पाठविले. १९९१ साली विदुरा नवले, १९९६ साली विघ्नहर कारखान्याशी ज्यांचे नाव निगडित आहे ते निवृत्तीशेठ शेरकर, आणि १९९८ साली अशोक मोहोळ, असे नऊ वर्षांत चार खासदार या भागाने निवडले. मतदाराचा हात थकला नव्हता. फक्त त्या हाताच्या आवाक्यात मुंबईचे तख्त येत नव्हते.

ते आले १९९५ साली, आणि त्या निवडणुकीचा वृत्तांत थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १९९० मध्ये शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांच्या युतीने ९४ जागा मिळवून काँग्रेसला २८८ पैकी १४१ वर, म्हणजे बहुमताच्या किंचित अलीकडे, रोखले होते. त्यानंतरच्या पाच वर्षांत मुंबईच्या दंगली आणि १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, दाभोळच्या वीज प्रकल्पाचा वाद, गोपीनाथ मुंडे यांची संघर्षयात्रा, आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपुरास विधिमंडळावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन झालेले ११४ मृत्यू, अशा घटनांची मालिका सरकारच्या नावे जमा होत गेली. तिकडे दिल्लीत मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी निवडणुकीच्या आचारसंहितेला कधी नव्हता तो धाक प्राप्त करून दिला होता. तथापि निर्णायक घाव पडला तो काँग्रेसच्या घरातूनच. सहकाराच्या साखळीने ज्यांना मोठे केले होते त्यांची संख्या आता उमेदवाऱ्यांपेक्षा अधिक झाली होती. ज्यांना तिकीट मिळाले नाही ते बंडखोर म्हणून उभे राहिले. आणि मतदारापुढे प्रथमच असा पर्याय आला की काँग्रेसच्या अधिकृत माणसाला पाडूनही कारखान्याच्या जगाशी त्याचा संबंध तुटणार नव्हता. मतदान ७० टक्क्यांच्या पुढे गेले. काँग्रेसला ८०, शिवसेनेला ७३, भाजपला ६५, आणि अपक्षांना ४५ जागा मिळाल्या. त्या अपक्षांतील पुष्कळसे काल-परवापर्यंतचे काँग्रेसवालेच होते. त्यांच्या पाठिंब्यावर १४ मार्च १९९५ रोजी शिवाजी पार्कवर मनोहर जोशी यांचा शपथविधी झाला. जुन्नरने या वेळी शिवसेनेचे बाळासाहेब दांगट यांना निवडून दिले. शेजारच्या आंबेगावने १९९० साली प्रथम निवडलेल्या दिलीप वळसे पाटलांना, राज्यभर काँग्रेस कोसळत असता, पुन्हा पाठविले. दोन तालुक्यांच्या स्वभावातील भेद येथे जो प्रकट झाला, तो पुढे तीस वर्षे टिकला.

जुन्नरने त्यानंतर कोणालाही आपला मतदारसंघ वंशपरंपरेचा वाटू दिला नाही. १९९९ साली राज्यात युतीचे सरकार गेले आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, तरी जुन्नर शिवसेनेकडेच राहिले. २००४ आणि २००९ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे वल्लभ बेनके निवडून आले. २०१४ साली सबंध महाराष्ट्रात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचा एकच आमदार निवडून आला, आणि तो, शरद सोनवणे, जुन्नरचा होता. २०१९ साली सोनवणे पडले आणि अतुल बेनके आले. २०२४ साली राज्यातील अवघ्या दोन विजयी अपक्षांपैकी एक पुन्हा सोनवणे ठरले. त्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर विघ्नहर कारखान्याचे चेअरमन सत्यशील शेरकर होते. ऊस ज्याच्या कारखान्यात घालावयाचा त्यालाच मत घातले पाहिजे, या जुन्या समीकरणाला निदान या तालुक्याने बंधनकारक मानले नाही. परंतु विजयी अपक्षाने निकालानंतर सत्तापक्षाच्या गोटाला पाठिंबा दिला, हेही नमूद केले पाहिजे. ओझरच्या विघ्नहरापुढे प्रचाराचा नारळ कोणत्याही पक्षाचा फुटो, निवडून आलेला माणूस सरकारच्या बाजूला जाऊन बसण्याची वाट शोधतो. धरणाचे पाणी, रस्ता आणि बिबट्याचा बंदोबस्त, या गोष्टी विरोधात बसून मिळत नाहीत अशी त्याचीच नव्हे, तर त्याच्या मतदारांचीही पक्की धारणा असते.

आंबेगावची गोष्ट निराळी. तेथे १९९० पासून २०२४ पर्यंत आठ निवडणुका झाल्या आणि आठही वेळा वळसे पाटील निवडून आले. या काळात ते काँग्रेसमधून राष्ट्रवादीत गेले, विधानसभेचे अध्यक्ष झाले, उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले, आणि २ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांच्याबरोबर एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळातही दाखल झाले. २०१९ नंतर मुंबईचे तख्त ज्या रीतीने हलले, नोव्हेंबर २०१९ च्या भल्या पहाटेच्या शपथविधीने, मग महाविकास आघाडीने, मग ३० जून २०२२ च्या फुटीच्या सरकारने, त्या सर्व प्रसंगांत मतदाराची भूमिका प्रेक्षकाची होती. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली झाला. परंतु एकट्याने उडी मारणाऱ्यास तो जितका अडवतो तितका टोळीने जाणाऱ्यास अडवीत नाही, हे या काळात साऱ्यांनी पाहिले. मतपेटीतून सत्ताधाऱ्यांना नाकारून मतदाराने सरकार बदलले, असे प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात १९९५, १९९९ आणि २०१४ हे तीनच मोजता येतात, आणि त्यांतही कोणालाच स्पष्ट बहुमत न मिळाल्याने अंतिम जुळवाजुळव तिन्ही वेळा निकालानंतरच झाली.

अशा अनुभवाने मतदार विटला असता तर त्याला दोष देता आला नसता. परंतु २०२४ चे आकडे दुसरेच काही सांगतात. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत राज्याचे मतदान सुमारे ६६ टक्के झाले, जे १९९५ नंतरचे सर्वाधिक होते; आणि त्या वाढलेल्या मतदानाने सरकार बदलले नाही, उलट सत्ताधारी महायुतीला २३० च्या घरात नेऊन ठेवले. मतदान वाढले की सत्ता जाते, हा पुढाऱ्यांचा आवडता आडाखा त्याने खोटा पाडला. करवीरसारख्या ग्रामीण मतदारसंघात ८४ टक्क्यांच्या पुढे मतदान झाले आणि मुंबईच्या कुलाब्यात ते ४५ टक्क्यांच्याही खाली राहिले. ज्याचे कर्ज, पाणी आणि बाजार राज्यकर्त्यांच्या हाती अडकलेले आहेत तो रांगेत उभा राहतो; ज्याने आपली वीज, पाणी, शाळा आणि सुरक्षितता पैसा मोजून स्वतंत्रपणे मिळविली आहे त्याला रांगेचे महत्त्व वाटत नाही. उदासीनता ही अज्ञानाची नव्हे, तर पुष्कळदा स्वयंपूर्णतेची खूण असते.

आणि त्याच निवडणुकीत आंबेगावात जे घडले ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. सात वेळा निवडून आलेल्या नेत्यासमोर त्याचेच जुने सहकारी, भीमाशंकर कारखान्याचे माजी अध्यक्ष देवदत्त निकम उभे राहिले, आणि निकाल अवघ्या दीड हजारांच्या आसपास मतांनी लागला. निकमांशी नामसाधर्म्य असलेल्या एका अपक्षाला त्याहून अधिक मते पडली होती. सहाच महिन्यांपूर्वी याच मतदारांनी शिरूर लोकसभा मतदारसंघात राज्यातील सत्ताधाऱ्यांच्या उमेदवाराला, म्हणजे तीन वेळा खासदार राहिलेल्या शिवाजीराव आढळराव पाटलांना, बाजूस सारून अमोल कोल्हे यांना दुसऱ्यांदा निवडले होते. एकाच वर्षात, एकाच मुलखाने, दोन सभागृहांसाठी दोन निरनिराळे हिशेब मांडले, आणि पस्तीस वर्षांच्या सत्तेला पराभवाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन उभे केले. सरकार बदलणे ही लोकशाहीतील विरळ घटना आहे आणि बहुधा विरळच राहील; मतदाराचा दैनंदिन अधिकार हा आहे की तख्तावर बसलेल्याला आपले आसन कायमचे आहे असे वाटू देऊ नये. ज्या नेत्याने मोठ्या मताधिक्याची सवय लावून घेतली त्याला मतमोजणीच्या शेवटच्या फेरीपर्यंत घाम फुटला, तर त्या तालुक्यातील पुढील पाच वर्षांचे आवर्तन, रस्ते आणि कर्जवाटप यांच्या निर्णयांत तो घाम उतरल्यावाचून राहत नाही. आणि मतदानाचे जे फळ सत्तांतराच्या दुर्मिळ वर्षाची वाट न पाहता हाती पडते, ते हेच होय.